22 खांब

अचलपुरातला तो वाडा उतरवायला काढलाय, हे आधीच कानावर होतं. मला तिथवर नेलं ते एका फोटोनं. दर्शनी भिंत गेल्या पावसात अख्खी बसली होती आणि वरची माडी जागच्या जागी होती.

"22 खांब हायेत जी," मालक म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, "पुरे 22." ते घर मोजत नव्हते, माल मोजत होते.

सुतार मिस्त्री मात्र घरच बघत होते. "भित पडली त पडू द्या. घर भितीवर नाई, खांबावर उभं हाये."

सागाचा खांब जमिनीत पुरलेला नाही, दगडी उथळ्यावर टेकवलेला. त्यावर हस्त, तुळई, कडीपाट, सगळ्यात वर मातीचं धाबं. सांध्यांत खिळा नाही. खाच, कुसू आणि लाकडी खुंटी. पांढऱ्या मातीच्या भिंतींचं काम आडोशाचं. इंग्लंडातली ओकच्या सांगाड्याची जुनी घरं याच हिशेबानं उभी आहेत. तिथले सुतार जुळणीसाठी सांध्यांवर पटाशीनं रोमन आकडे कोरत; इथं मिस्त्री खडूनं आकडे टाकत होते, सुटं करण्यासाठी.

वऱ्हाडची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. सांगाडा थोडा कुरकुरतो, सरकतो, परत बसतो. शेजारच्या स्लॅबच्या घराला पायापासून तिरपी भेग गेलेली. ती मिस्त्रींनी मला न विचारता दोनदा दाखवली.

एक खुंटी निघेना, तेव्हा करवत लावली. इतक्या जुन्या लाकडाला अजून वास होता! तेलकट, थोडा चामड्यासारखा. ते तेल आहे म्हणून वाळवी गाभ्याच्या वाटेला जात नाही.

साग मेळघाटचा. 1974 साली तिथं व्याघ्र प्रकल्प झाला, तोडीवर बंधनं आली. एवढ्या जाड गाभ्याचं लाकूड आता सहज मिळत नाही, म्हणून व्यापाऱ्यांचा वाड्यांवर डोळा. कागदोपत्री अशा घराला 'मोडकळीस आलेलं' म्हणतात. लाकूड मोडकळीस आलं असतं, तर गिऱ्हाईक कशाला दारात उभं राहिलं असतं?

व्यापाऱ्याकडून खांब एका रिसॉर्टला जाणार होते.

"मंग याईच्यावर वजन कायचं राहीन?" मिस्त्रींनी विचारलं.

"वजन नाही, शोभेला."

22 पैकी मोरीजवळचा एक बुडाशी कुजलेला निघाला. त्याचे पैसे किती कापायचे, यावर संध्याकाळपर्यंत घासाघीस चालली.