धडा पुस्तकातला आणि कामातला

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. दादा दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाऊन वेल्डिंग शिकला. तो कमावतो म्हणून मी येथे शिकतो. त्यामुळे कोणी 'आयटीआयची पोरं' असे तुच्छतेने म्हटले, की मला ते झोंबते.

दिवाळीच्या सुट्टीत माझी पर्यावरण विषयाची टिपणे चाळून दादा म्हणाला, "असला धडा आम्हालाही होता. पाठ केला, पास झालो. पण शेडमध्ये मशीन उगाच चालू असायचं आणि अर्धवट जळलेले रॉड भंगारात जायचे. त्याबद्दल कोणी बोललं नाही."

धडा एकीकडे आणि काम दुसरीकडे, हेच खरे दुखणे आहे. थोडे गणित करून पाहू. वेल्डिंगचा एक रॉड ४५० मिलिमीटरचा धरला, तर होल्डरमध्ये पकडण्यासाठी शेवटचे ५० मिलिमीटर सोडावे लागतात. कामाचे उरतात ४००. शिकाऊ मुलाने १०० मिलिमीटरचा तुकडा फेकला, की ५० वाया गेले. म्हणजे आठ रॉडमागे एका रॉडचे काम बुडाले! जुन्या पद्धतीचे ट्रान्सफॉर्मरचे मशीन तर जोड देणे थांबले तरी थोडी वीज खातच राहते. शिवाय जोड कच्चा राहिला, तर तो घासून पुन्हा द्यावा लागतो. रॉड आणि वीज पुन्हा खर्च. म्हणूनच चोख काम ही मोठी बचत आहे.

हे कामातून शिकवता येते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधकाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली शिरूर तालुक्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. तेथील एक वर्षाच्या निवासी अभ्यासक्रमात कार्यशाळा, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे चार विभाग आहेत. वेल्डिंग शिकणारा मुलगा शेती आणि ऊर्जेचेही काम शिकतो. वस्तू बनवायची आणि तिला किती खर्च आला हेही काढायचे, अशी तेथील पद्धत. खर्च मांडला, की फेकलेला तुकडा आपोआप हिशेबात येतो.

आश्रमाचे घुमटाकार घरही पाहण्यासारखे आहे. त्याचा सांगाडा त्रिकोणांचा. चौकोन दाबला तर कलतो, त्रिकोण आकार सोडत नाही. त्यामुळे मधला खांब लागत नाही आणि सामानही कमी लागते. भूमितीचा हा धडा मुले हातांनी शिकतात.

माझी सूचना साधी आहे. प्रशिक्षण संस्थांच्या प्रात्यक्षिक परीक्षेत जोडाला गुण मिळतात, तसेच किती रॉड लागले, किती भंगार निघाले, किती वीज खर्च झाली, यालाही थोडे गुण द्यावेत. त्यासाठी नवा विषय नको. एक तराजू, एक मीटर आणि एक वही पुरे.

हे लिहितानाच आठवले, की पर्यावरणाचा तास संपवून आम्ही बाहेर पडतो, तेव्हा रिकाम्या वर्गात पंखे फिरतच असतात. दादाला ही सूचना ऐकवली, तर तो आधी तेच विचारील.