होटगीत हरवलेली गाठ

सोलापूरहून कापडाच्या बारा गाठी विजापूरकडे निघाल्या, पोहोचल्या अकरा. बारावी कोठे गेली?

प्रसंग कल्पित आहे, स्थळ खरे. मुंबई-चेन्नई लोहमार्गावरून गदगकडे जाणारा फाटा होटगीला फुटतो. मीटरगेजच्या काळात मुख्य मार्गाच्या रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर होते, गदगच्या फाट्यावर अवघे १०००. एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर चालणे अशक्य. म्हणून माल होटगीला उतरवायचा आणि दुसऱ्या गाडीत भरायचा. रहस्य रचण्यास याहून सोयीची जागा क्वचितच मिळेल.

असे रहस्य मित्रमंडळींनी एकत्र बसून उकलण्याचे बैठे खेळ पाश्चात्त्य देशांत चांगलेच रुजले आहेत. १९८१ मध्ये अमेरिकेत निघालेला ‘शेरलॉक होम्स कन्सल्टिंग डिटेक्टिव्ह’ हा त्यांतील एक नामवंत खेळ; १९८५ मध्ये त्यास जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’ हा मानाचा पुरस्कार लाभला. त्यात फासे नाहीत, सोंगट्या नाहीत. लंडनचा नकाशा, पत्त्यांची यादी, वृत्तपत्रे आणि प्रकरणांच्या पुस्तिका एवढेच साहित्य. चौकशीस कोठे जावे हे सर्वांनी मिळून ठरवायचे, तेथील मजकूर वाचायचा आणि अखेर प्रश्नांची उत्तरे द्यायची. आपली उकल होम्सच्या उकलीशी ताडून पाहिली की बहुधा खजील व्हावे लागते.

व्यापारी घराण्यांना ही बैठक परकी वाटू नये. तेरीज जुळेनाशी झाली की एकाने रोजकीर्द वाचावी, दुसऱ्याने खतावणीवर बोट फिरवावे. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर जाणता मुनीम आधी उलटे पडलेले अंक शोधतो : ६३ चे ३६ झाले की २७ चा फरक. फरक सम असेल, तर त्याच्या निम्मी रक्कम जमेऐवजी नावे पडली आहे काय, हे पाहतो. चोराचा विचार त्यानंतर!

होटगीचे प्रकरण घरीच रचता येते. उत्तर आधी ठरवावे, मग चार कागद लिहावेत. सोलापूरची पावती : गाठी १२, वजन २४ मण. होटगीच्या हमालांची मोजणी : उतरल्या १२, चढवल्या ११. तेथील किरकोळ खर्च : सुतळी व तरट. विजापूरची वही : गाठी ११, वजन २४ मण. प्रत्येकाकडे एकच कागद असावा. तो वाचून दाखवावा, पण दुसऱ्याच्या हाती देऊ नये.

हा शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा, कारण या खेळांचा खरा शत्रू पुठ्ठ्याच्या पेटीत नसतो. एखादा वडीलधारा किंवा चलाख गडी सगळे कागद स्वतःकडे ओढतो, निकाल देतो आणि बाकीचे माना डोलावतात. येथे तर हमालांची मोजणी ऐकताच ‘चोरी!’ हा शब्द ओठांवर येतो. निराधार आरोपाला, म्हणजे अभ्याख्यानाला, जैन परंपरेने अठरा पापस्थानकांत गणले आहे. खेळातही तो इतक्या सहज घडतो, हे पाहून मंडळी चपापतील.

सुतळीचा कागद म्हणूनच घरातील सर्वांत अबोल व्यक्तीकडे द्यावा. तिने तो वाचेपर्यंत कोणीही वजनांकडे पाहत नाही. गाठ फुटली होती. तिच्यातील कापड उरलेल्या अकरांत बांधून हमालांनी मण न् मण पोहोचवला होता.