झोपेचं वेळापत्रक वेगळं असतं
दारू सुटल्यानंतरचं पहिलं वर्ष : लेखांक ६

एका क्वार्टरचा हिशोब मांडू. १८० मिलिलिटर व्हिस्की. आपल्याकडे तिच्यात ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे निव्वळ अल्कोहोल साठ ग्रॅमच्या आसपास. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम निकालात काढतं. रोज पिणाऱ्याचं जरा जास्तही. रात्री आठ-साडेआठला सुरू केलेली क्वार्टर पहाटे तीन-चारच्या सुमारास रक्तातून संपत आलेली असते, आणि त्याच सुमाराला माणूस टक्क जागा होतो. घशाला कोरड, छातीत धडधड, बनियन घामानं ओलं. रोज पिणाऱ्याला ही पहाट चांगली ओळखीची असते. तरीही ‘झोप लागावी म्हणून घेतो’ हे कारण तो सांगत राहतो आणि घरातही ते चालून जातं.

घराला तरी दोष कसा द्यायचा? आपल्या राज्यात दारू पिण्याचा परवाना मिळतो तोसुद्धा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली, आणि कारण असतं ‘आरोग्य राखण्यासाठी’!

औषध म्हणून दारूची निम्मी बाजू खरी आहे. तिच्यामुळे डोळा लवकर लागतो, पहिले तीन-चार तास झोप गाढही असते. त्या तासांत दाबली जाते ती स्वप्नांची झोप, जिला ‘रेम’ म्हणतात. दारू उतरायला लागली की उरलेल्या रात्रीच्या चिंध्या होतात. शिवाय अंगवळणी पडल्यावर पहिल्या तासांचा फायदाही ओसरतो. मग एकाचे दोन, दोनाची क्वार्टर.

हे सगळं अचानक थांबवलं की काय होतं? मेंदूत शांत करणारं एक रसायन आहे, गॅबा, आणि चेतवणारं दुसरं, ग्लुटामेट. दारू गॅबाचा जोर वाढवते, ग्लुटामेटचा दाबते. रोज हेच होऊ लागल्यावर मेंदू आपली व्यवस्था बदलतो: गॅबाला दाद कमी देतो, ग्लुटामेटला जास्त. त्यामुळे पोटात दारू असतानाही कामापुरता तोल राहतो. रस्सीखेचीत एका बाजूनं दोर सोडून दिला की दुसरी बाजू आपल्याच जोरानं मागे कोसळते, तसं दारू बंद केल्यावर होतं. हात थरथरतात, घाम फुटतो, झोपेचं नाव नसतं. आकडी आलीच तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. भास होणं, माणसं-जागा न ओळखणं हा प्रकार दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद करू नये, हे दुसऱ्या लेखांकात सांगितलं होतं. ‘तीन रात्री झोप नाही आणि आता भिंतीवर काहीतरी चालताना दिसतंय’ असं कुणी म्हणालं तर झोपेचे उपाय शोधत बसू नका, रिक्षा बोलवा आणि हॉस्पिटल गाठा.

आजचा विषय त्यानंतरचा आहे, आणि त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. थरथर आठवडाभरात जाते. भूक परत येते, चेहऱ्यावरची सूज उतरते, यकृत फार बिघडलेलं नसेल तर रक्ताचे रिपोर्टही महिना-दोन महिन्यांत सुधारायला लागतात. घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. झोप मात्र यांतल्या कुणाबरोबर येत नाही. आडवं झाल्यावर तास-तास डोळा लागत नाही, लागला तर दर थोड्या वेळानं उघडतो, आणि सकाळी अंग असं असतं की झोपलो होतो यावर विश्वास बसू नये. हे काही महिने चालू शकतं. झोपेच्या प्रयोगशाळेत तपासलं तर काहींच्या गाढ झोपेतली तूट वर्षानंतरही दिसते. व्यसनमुक्ती केंद्रातला मुक्काम असतो काही आठवड्यांचा. तिथून निघताना हातातल्या कागदावर गोळ्या लिहिलेल्या असतात, फॉलोअपची तारीख असते. ‘झोप तीन-चार महिने अशीच राहू शकते, घाबरू नका’ एवढं एक वाक्य बहुतेक वेळा नसतं. मला ही मोठी चूक वाटते. झोप बिघडलेल्यांमध्ये पुन्हा पिण्याचं प्रमाण जास्त असतं, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. आणि ज्याला हे कुणी सांगितलेलं नाही, तो महिन्याभरानं एकच निष्कर्ष काढतो: आपल्याला दारूशिवाय झोप येतच नाही.

स्वप्नांचा मामला आणखी वेगळा. इतकी वर्षं दाबलेली स्वप्नांची झोप बांध फुटल्यासारखी येते. स्वप्नं लांबलचक, ठसठशीत, बरीचशी भीतीची. त्यातलं हमखास पडणारं म्हणजे पिण्याचं स्वप्न. नेहमीचा बार, नेहमीचं टेबल, समोर चकणा, आणि ग्लास ओठाला लागलेला. जाग येते तेव्हा तोंडात चव असते. माणूस अंधारात तळहातावर श्वास सोडून वास घेऊन पाहतो, खरंच प्यायलो की काय! एक जण दुसऱ्या दिवशी कामावर गेलाच नाही. आपली सोबर राहण्याची मोजणी मोडली असं समजून घरीच बसला. स्वप्नात प्यायल्यानं मोजणी मोडत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत अशी स्वप्नं पडणारच, आणि ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’च्या मीटिंगमध्ये कुणी असं स्वप्न सांगितलं की अर्ध्या खोलीच्या माना डोलतात.

रात्री घरात दोन माणसं जागी असतात, हेही लक्षात घ्यायला हवं. पहाटे तीनला कडी वाजली की बायको उठते. इतक्या वर्षांचा अनुभव तिला झोपू देत नाही. ती काही बोलत नाही, पाणी द्यायच्या निमित्तानं जवळ येते आणि तोंडाचा वास घेते. त्याला ते कळतं, राग येतो, आणि उरलीसुरली झोपही उडते.

मग कुणीतरी झोपेची गोळी सुचवतं. शेजाऱ्याकडे पट्टी असतेच. अल्प्राझोलम, डायझेपाम या गोळ्या दारूसारख्याच गॅबावर काम करतात. दारू सोडवतानाच्या पहिल्या दिवसांत डॉक्टर याच कुळातली औषधं मुद्दाम देतात, पण मोजून आणि रोज कमी करत. पुढे तीच गोळी स्वतःच्या मनानं चालू ठेवली तर व्यसनाची जागा बदलते, एवढंच. आणि गोळीवर दारू पडली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. सवय न लावणारी औषधं असतात, ती मानसोपचारतज्ज्ञानं ठरवावीत. पण तिथंही गणित सरळ नाही. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नुकतीच दारू सोडलेल्यांना झोपेसाठी ट्रॅझोडोन दिलं. ते घेताना झोप सुधारली, पण दारूविना गेलेले दिवस मात्र गोळी न मिळालेल्यांपेक्षा कमी भरले.

गोळीविना जे उपाय आहेत, त्यांतला पायाभूत उपाय रिचर्ड बूटझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७२ मध्ये मांडला. डोळे जड झाल्यावरच अंथरुणावर जायचं. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसरीकडे बसायचं, पेंग आली की परत यायचं. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचं. दुपारी लवंडायचं नाही. हा सल्ला तीन बेडरूमच्या घरासाठी लिहिलाय हे उघड आहे. वन रूम किचनमध्ये पाच माणसं झोपलेली असताना ‘दुसरीकडे’ म्हणजे कुठे? स्वयंपाकघरात ओट्याशेजारी स्टूल टाकून, बारीक दिवा लावून. मात्र दिवसा बायकोला सांगून ठेवायचं: मी रात्री उठेन, तिथे बसलेला असेन, शंका आली तर ये आणि वास घे, मी चिडणार नाही. हे एक बोलणं झालं की दोघांचीही झोप थोडी सुधारते, असं मी पाहिलेलं आहे.

यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम सकाळी ठरल्या वेळी उठण्याचा. १९८६ पासून पुण्यात असलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत दिवस सकाळपासून बांधलेला असतो. घरी आल्यावर ‘बिचारा आजारातून उठलाय, पडू दे’ म्हणून दहापर्यंत कुणी हलवत नाही, आणि रात्र आणखी लांबते.

चहाचंही बघा. दारू सुटली की चहा आणि तंबाखू दोन्ही वाढतात. संध्याकाळच्या कटिंगमधलं निम्मं कॅफिन पाच-सहा तासांनीही अंगात असतं, आणि रात्री अंथरुणावर लावलेला तंबाखूचा बार मेंदूला जागं करतो. तंबाखू आजच सोडा असं म्हणत नाही, निदान शेवटचा बार जेवणाआधी लावा.

तीन-चार महिने नियम पाळूनही दिवसा गाडी चालवताना डुलकी येत असेल, किंवा घोरता घोरता श्वास थांबतो असं घरचे सांगत असतील, तर प्रश्न वेगळा असू शकतो. दारूच्या काळात घोरणं ‘प्यायलाय’ म्हणून सोडून दिलेलं असतं, आणि त्याखाली स्लीप अॅप्निया दडून राहतो. त्यासाठी रात्रभराची झोपेची तपासणी होते, ती करून घ्यावी. जवळपास मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, रात्री तीनलासुद्धा.

(पुढील लेखांकात : पगाराचा दिवस)