बंदिवासातील प्रार्थना : बोनहोफर यांच्या टेगेल येथील तीन प्रार्थनांचा आशय

युद्ध आणि बंदिवास यांच्या काळातील प्रार्थना म्हणजे सुटकेची याचना, असा सर्वसाधारण समज असतो. ख्रिस्ती परंपरेत तिचा आशय याहून व्यापक आहे. या परंपरेचे मूळ यहुदी धर्मग्रंथांतील स्तोत्रसंहितेत सापडते. इ. स. पू. सहाव्या शतकात बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त करून तेथील अनेक रहिवाशांना बंदी करून नेले. या आघाताचे पडसाद काही स्तोत्रांत उमटले आहेत. २३व्या स्तोत्रात जिवाला पुन्हा उभारी देण्याचा उल्लेख आहे, तर १२६व्या स्तोत्रात सियोनला पूर्वस्थिती लाभल्याचा. दोन्ही ठिकाणी ‘परत फिरणे’ या अर्थाचा ‘शूव’ हाच हिब्रू धातू योजलेला आहे. मायभूमीला परतणे आणि चित्त मूळपदावर येणे या कल्पना अशा रीतीने भाषेतच परस्परांशी जोडल्या गेल्या आहेत. परंतु पहिली गोष्ट घडली नाही, तरी दुसरी संभवते काय?

या प्रश्नाच्या संदर्भात जर्मन ल्यूथरपंथी धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर (१९०६-१९४५) यांचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. स्तोत्रसंहिता हा बायबलमधील प्रार्थनाग्रंथ होय, असे प्रतिपादन करणारी त्यांची पुस्तिका १९४० मध्ये प्रसिद्ध झाली होती. हिटलरविरोधी कटाशी संबंध असलेल्या बोनहोफर यांना ५ एप्रिल १९४३ रोजी अटक झाली आणि बर्लिनमधील टेगेल येथील लष्करी कारागृहात ठेवण्यात आले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून बर्लिनवर ब्रिटिश विमानांचे मोठे हल्ले सुरू झाले. बंद कोठडीत बॉम्बवर्षाव सोसणाऱ्या सहबंद्यांसाठी त्यांनी नाताळच्या सुमारास तीन प्रार्थना रचल्या : सकाळची, संध्याकाळची आणि विशेष संकटकाळातील.

या प्रार्थनांमध्ये भीती, एकाकीपणा व अंधार यांची कबुली निःसंकोचपणे दिली आहे. सकाळच्या प्रार्थनेत आप्तजन, सहबंदी आणि कारागृहात कष्टाचे काम करणारे कर्मचारी या सर्वांचे स्मरण केले जाते. स्वातंत्र्याची मागणी त्यानंतर येते. तिला लागूनच, तोवर देव आणि माणसे यांच्यापुढे उत्तर देता येईल असे जगता यावे, ही मागणी आहे. संध्याकाळच्या प्रार्थनेत आपल्यावर अन्याय करणाऱ्यांना क्षमा करण्याचे बळ मागितले आहे. संकटकाळातील प्रार्थनेत पत्नी व मुलांच्या रक्षणाची विनवणी आहे. बोनहोफर स्वतः अविवाहित होते. त्यांचा केवळ वाङ्‌निश्चय झालेला होता. यावरून ही शब्दरचना इतरांच्या मुखी शोभावी अशी हेतुतः केलेली आहे, हे स्पष्ट होते.

येथे सांत्वन म्हणजे दुःखाचा विसर नव्हे. कारागृह माणसाला क्रमांकापुरता उरवते. ही प्रार्थना त्याला पुन्हा पिता, पती, सोबती आणि स्वतःच्या आचरणाला जबाबदार व्यक्ती म्हणून उभे करते. आत्मिक पुनःस्थापनेचा अर्थ येथे नातेसंबंधांकडे परतणे असा होतो.

बोनहोफर यांची सुटका झाली नाही. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्ग छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आली. त्यांचे मित्र एबरहार्ड बेटगे यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कारागृहातील लेखनाच्या संग्रहाला ‘प्रतिकार आणि समर्पण’ अशा अर्थाचे जर्मन शीर्षक दिले. प्रार्थना माणसाला निष्क्रिय करते, हा आक्षेप तपासताना या दोन शब्दांचे साहचर्य ध्यानात घेणे आवश्यक ठरते.