बाई, एस.टी. चुकली का?

तसं पाहिलं तर पळणं आपल्या बायकांना काही नवीन नाही. दूध उतू जायला लागलं की आपण पळतो, नळाला पाणी आलं की पळतो, मुलाचा डबा ओट्यावरच राहिला की त्याच्या मागे कोपऱ्यापर्यंत पळतो. पण कुठेही पोचायचं नसताना, हातात पिशवी नसताना, पहाटे उठून नुसतंच पळायचं, हे आमच्या राणीसावरगावात कुणी ऐकलेलं नव्हतं. मीही नाही. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ते माझ्याच कपाळी आलं!

झालं असं. माझ्या आईला मधुमेहापायी पायाची दोन बोटं गमवावी लागली. तिला भेटून परत आले आणि भीतभीतच रक्त तपासलं. तीन महिन्यांच्या सरासरीची साखर निघाली ६.२. डॉक्टर म्हणाले, "मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर उभ्या आहात. आत यायचं की मागे फिरायचं, ते तुम्ही ठरवा." त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळ्यांसमोर सारखा आईचा पाय येत होता.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. चालता चालता पळायची बुद्धी कशी झाली, त्याचं कारण म्हणजे बारामतीच्या लता करे. दहा-बारा वर्षांपूर्वीची त्यांची गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. मजुरी करणाऱ्या बाई, साठी ओलांडलेली. नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवे होते. गावात मॅरेथॉन आहे आणि जिंकणाऱ्याला बक्षीस आहे, एवढंच कळलं. नऊवारीचा काष्टा सावरत, अनवाणी पायांनी त्या ज्येष्ठांच्या गटात पळाल्या आणि पहिल्या आल्या! पुढे २०२० साली त्यांच्यावर चित्रपट आला. त्यात त्यांचं काम त्यांनी स्वतःच केलं आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची खास दखल घेतली गेली. मी मनाशी म्हटलं, ती माउली नवऱ्यासाठी पळाली, तुला स्वतःसाठी पळायला काय झालं?

पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला पंजाबी ड्रेस घालून, ओढणीची गाठ मारून मी गंगाखेड रस्त्याला लागले. आवेश असा, की गंगाखेडला पोचून गोदावरीत पाय धुऊन, जनाबाईचं दर्शन घेऊनच परतणार! प्रत्यक्षात पाण्याच्या टाकीपाशीच दम संपला. कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभी होते, तेवढ्यात दूधवाला मोटारसायकल थांबवून म्हणाला, "बाई, एस.टी. चुकली का? बसा मागं, फाट्यावर गाठून देतो."

त्याला काय सांगणार? दुसऱ्या दिवशी शेताकडे निघालेल्या एका आजींनी विचारलं, "घरी कुनाला काही झालं का गं माय?" तिसऱ्या दिवशी गावातली चार कुत्री सोबतीला आली. मी पळते म्हणून ती पळत होती आणि ती पळतात म्हणून मी! त्या दिवसाइतका वेग मला पुन्हा कधी साधला नाही. मी एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. चौथ्या दिवशी वर्गात शिरले, तर फळ्यावर कुणीतरी पळणाऱ्या बाईचं चित्र काढून ठेवलेलं. वेणी मात्र हुबेहूब होती.

घरी निराळीच तऱ्हा. नाशिककडच्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ पदक मिळवलं. तिला सगळे 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणतात. आमच्या ह्यांनी लगेच माझं नाव ठेवलं, 'सावरगाव पॅसेंजर', प्रत्येक स्टेशनला थांबणारी! सासूबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "अगं, लोक म्हणतील सून पळाली. आता कुणाकुणाला समजावून सांगू, की रोज पळते आणि रोज परत येते म्हणून?"

मैत्रिणींनो, बायकांच्या पळण्याला नाकं मुरडणं काही आपल्या गावापुरतंच नाही बरं का. अमेरिकेतल्या बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये १९६७ साली कॅथरीन स्विट्झर नावाच्या मुलीनं नुसती आद्याक्षरं लिहून नाव नोंदवलं. बाई पळतेय हे पाहून एक अधिकारी भर रस्त्यात तिच्या अंगावर धावून गेला आणि तिचा क्रमांक ओढायला लागला! तरी तिनं शर्यत पुरी केली. तिथे बायकांना रीतसर परवानगी मिळाली ती १९७२ साली. आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची पहिली मॅरेथॉन झाली १९८४ साली, लॉस एंजेलिसला. जिंकली अमेरिकेची जोन बेनॉइट. पण लोकांच्या लक्षात राहिली स्वित्झर्लंडची गॅब्रिएला आंडरसन-शीस. उन्हानं बेजार होऊन, शरीर एका बाजूला वाकलेलं, झोकांड्या खात तिनं शेवटची फेरी पुरी केली. सदतिसावी आली, पण सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. आपल्याला त्यातले दोन जमले तरी पुष्कळ!

सहा-सात महिन्यांत मी न थांबता आठ किलोमीटरपर्यंत आले आणि डोक्यात हवा गेली. जिल्ह्याच्या गावी दहा किलोमीटरची शर्यत होती, तिथे नाव दिलं. आणि करू नये ते सगळं केलं. आदल्या रात्री नातेवाइकांकडे आग्रहापोटी झणझणीत पिठलं, भाकरी आणि वर ठेचा. शर्यतीसाठी म्हणून कोरे बूट, तेही अगदी मापाचे. सुटताना कॉलेजच्या मुलांबरोबर अशी काही उधळले, की पहिला किलोमीटर मी जिंकलाच म्हणा! दुसऱ्याला पोटात ठेचा बोलू लागला. चौथ्याला टाचेला फोड आला. सहाव्याला धोतर-टोपीतले एक आजोबा शेजारून गेले आणि जाता जाता म्हणाले, "या बाई सावकाश, गडबड नाही."

आठव्याला मी रस्त्याच्या कडेला बसले. खरंच रडू आलं. वाटलं, कशासाठी हा खटाटोप? मग आईचा पाय आठवला. उठले. चालले, थोडी पळाले, पुन्हा चालले.

पोचले तेव्हा कमान उतरवायला घेतली होती. पदकं संपली होती, केळीही संपली होती. पण शेवटच्या रेषेवरची फीत मात्र जागेवर होती. तिच्या एका टोकाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत आमच्या सासूबाई बसल्या होत्या आणि खुर्च्या गोळा करणाऱ्या पोराला दरडावत होत्या, "थांब रे बाबा! फीत सोडू नको. माझी सून यायची आहे अजून!"

मला पदक मिळालं नाही. पण ते वाक्य मी जन्मभर गळ्यात घालून मिरवीन.

आता तुमच्यापैकी कुणाला हुरूप आला असेल, तर माझ्या चुकांतून शिकलेल्या चार गोष्टी सांगते. आधी डॉक्टरांना दाखवा. साखरेबरोबर रक्तदाब आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या. सुरुवातीला एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला. पळताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. बोलणं थांबलं की वेग जास्त झाला समजा. (आपल्याला ही परीक्षा सोपी जाते!) अंतर आठवड्याला थोडंथोडंच वाढवा. पळताना पाय किंचित फुगतात, म्हणून बूट बोटांपुढे जरा मोकळे असावेत. नखं कापलेली असावीत, नाहीतर काळीनिळी पडतात. शर्यतीच्या दिवशी नवं काही घालू नये आणि आदल्या रात्री तिखट, नवं काही खाऊ नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत घरी परत. छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर तिथेच थांबायचं. हट्ट करायचा नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा रक्त तपासलं. ५.८ निघाली. उंबरठा अजून पुरता सुटलेला नाही, पण एक पाऊल तरी मागे आले. मी पळण्याबरोबर रात्रीचा भातही कमी केलाय, त्यामुळे सगळं श्रेय बुटांना देत नाही.

आता सकाळी सासूबाईच मला उठवतात. देवळापर्यंत त्या माझ्याबरोबर चालत येतात, पुढे मी एकटी पळते. परवा कुणा नव्या माणसानं त्यांना विचारलं, "तुमच्या सूनबाईंची एस.टी. चुकली का हो?"

सासूबाई ठसक्यात म्हणाल्या, "एस.टी. नाही बाबा, साखर चुकवायलीय ती!"