कानातला आवाज आणि दवाखान्यांचे आकडे

रात्री सगळे घर निजते, पण काहींच्या कानात शिट्टी किंवा रातकिड्यांची किरकिर चालूच असते. बाहेर मात्र कसलाच आवाज नसतो. डॉक्टर याला टिनिटस म्हणतात, मराठीत कर्णनाद. वर्षानुवर्षे हे सोसणारा माणूस 'आमच्याकडे इतके टक्के रोगी बरे झाले' अशी जाहिरात वाचली की उसने पैसे घेऊन धावतो. अशा बंधू-भगिनींना आमचे सांगणे एवढेच, की तो आकडा कोणत्या रोग्यांचा आहे ते आधी विचारा.

सर्व दवाखान्यांत सारखे रोगी येत नाहीत. कानाच्या डॉक्टरकडे बहुधा कमी ऐकू येणारे जातात, तर मानसोपचाराशी जोडलेल्या केंद्रात झोप उडालेले, खचलेले लोक जास्त येतात. लांबच्या मोठ्या केंद्रात तर ज्याला रजा आणि गाडीभाडे परवडते तोच पोहोचतो. दोन वह्यांतले रकाने वेगळे असले तर हिशेब जुळत नाही, तसेच हे आहे.

म्हणूनच 2006 साली जर्मनीत रेगेन्सबुर्ग येथे अनेक देशांचे तज्ज्ञ जमले आणि रोग्याची तपासणी व नोंद सर्वांनी एकाच रीतीने करावी असे ठरले. त्रास मोजायला अमेरिकेत 1996 साली प्रसिद्ध झालेली 25 प्रश्नांची यादी बरीच वापरात आहे. 'होय'ला 4 गुण, 'कधी कधी'ला 2, 'नाही'ला 0. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. पुढे अथेन्स, बर्लिन, ग्रानाडा, लोव्हेन आणि रेगेन्सबुर्ग या 5 केंद्रांनी एकाच पद्धतीने 461 रोग्यांवर 12 आठवडे उपचार केले. त्यात समुपदेशन, ध्वनिउपचार, श्रवणयंत्र व मानसोपचार होते. एकाऐवजी दोन उपचार मिळालेल्यांचा त्रास सरासरीने थोडा अधिक कमी झाला.

हा आवाज कायमचा बंद करणारी खात्रीची गोळी अजून निघालेली नाही, पण त्रास कमी करता येतो. तेव्हा आधी कानाच्या डॉक्टरकडून ऐकण्याची तपासणी करून घ्या. एकाच कानात आवाज येत असेल, नाडीसारखे ठोके ऐकू येत असतील किंवा अचानक ऐकू येईनासे झाले तर एक दिवसही थांबू नका. यंत्रमाग, प्रेस, बॉयलर, बँड, जिथे काम केले ते आणि किती वर्षे केले ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते कागदावर आले तरच आपल्यासारख्यांचा त्रास कोणाच्या तरी हिशेबात धरला जाईल.