पावसाळ्याआधी इंजिनातलं पाणी काढा

मृग निघायच्या सुमाराला पंचगंगा-भोगावतीच्या काठावरची डिझेल इंजिनं वर आणून ठेवतात. वरून पुसतात, पोतं टाकतात. आतलं पाणी मात्र तसंच राहतं. थंड मुलखात असं पाणी गोठून फुगतं आणि ब्लॉक तडकतो. आपल्याकडं ती भीती नाही, पण चार महिने साचलेल्या गढूळ पाण्यानं आतून गंज धरतो, गाळ घट्ट बसतो. मग दिवाळीनंतर इंजिन तापतं, गॅस्केट जातं.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. सिलिंडरच्या तळाचं बूच काढा. पाणी थेंबथेंब आलं तर संपलं समजू नका. भोक गाळानं बुजलेलं असतं, तारेनं मोकळं करा. वरून स्वच्छ पाणी ओता, खाली नितळ येईतो. पंपाचंही खालचं बूच काढा. (हवेनं गार होणाऱ्या इंजिनाला फक्त पंपाचंच.) बुचं चिंधीत बांधून इंजिनालाच अडकवा, नाहीतर ऐन हंगामात शोधाशोध!

२०१९ आणि २०२१ चा महापूर आठवून जागा उंच निवडा. हँडलला ‘पाणी काढलंय’ अशी चिठ्ठी बांधा. घरातल्या कुणी कोरडंच चालू केलं, तर पिस्टन जाम होतो.